वरची प्रत

खटखटमावशी हे नाव तिच्या भाच्यांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं, की खरं नाव फक्त सरकारी कागदांत उरलं. वय एकसष्ट, अंगकाठी किरकोळ, जीभ धारदार. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुणाला होता?" आणि ते खोटंही नव्हतं. विसाव्या वर्षी ती एका माणसाकडे टाईप करायला म्हणून गेली आणि त्याचा श्वास थांबेपर्यंत, सदतीस वर्षं, त्याच खोलीत त्याच टेबलाशी बसून राहिली.

माणूसही साधासुधा नव्हता. सत्य म्हणजे काय यावर त्याची सात पुस्तकं. ती परक्या भाषांत गेली, विद्यापीठांत लागली, त्यांच्यावर वाद झाले, वादांवर पुस्तकं झाली. सगळे त्याला सर म्हणत. पण त्या सातही पुस्तकांचं पहिलं अक्षर ते शेवटचं अक्षर खटखटमावशीच्या दहा बोटांतून गेलं होतं. कारण सरांचं स्वतःचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली कोंबडी कागदावरून पळून गेल्यासारखं. दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. म्हणून सर खोलीत येरझारा घालत बोलायचे आणि ती टाईप करायची. पुस्तकं, भाषणं, दूधवाल्याला चिठ्ठी, सगळं. प्रेमपत्रंसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, प्रेमपत्रं कुणी टाईप करून पाठवतं का? अहो, ज्याचं अक्षर तसं, त्याने पाठवावीच. सरांची बायको तेव्हा दूरच्या गावात मुलींच्या शाळेत शिकवत होती. बदली मिळेना, नोकरी सोडायची नव्हती, अशी अकरा वर्षं गेली. त्या अकरा वर्षांत महिन्यातून दोन शनिवार सर तिला पत्र सांगत. विशीतली मुलगी मशीनवर बसलेली, चाळिशी ओलांडलेला माणूस खिडकीकडे तोंड करून म्हणतोय की तू नसलीस की संध्याकाळ संपता संपत नाही, आणि हिचं सगळं लक्ष डावा समास सरळ राहतोय ना याकडे.

पहिल्याच अशा पत्राला सर म्हणाले, 'प्रिय'च्या पुढे जागा सोड आणि कार्बन घाल. तिला वाटलं, दुसरी प्रत फाईलला लावायची असेल. मोठी माणसं, त्यांच्या फाईलीही मोठ्या. पण टाईप झाल्यावर सरांनी दोन्ही प्रतींवर सही केली, वरच्या प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक बारीक खूण केली आणि म्हणाले, ही खूण केलेली तिकडे पाठव, खालची घरी. नावं तू भर. तिकडे म्हणजे परदेशात, त्यांची पुस्तकं भाषांतर करणाऱ्या बाईकडे. दोनदा येऊन गेली होती ती. उंच, शांत, सतत शब्दकोशात बोट घालून बसलेली.

तेव्हा तिची जीभ एवढी धारदार नव्हती, तरी तिने विचारलंच की दोघींना एकच पत्र कसं. सर खरोखर चकित झाले. म्हणाले, "भावना एकच आहे. मग वाक्यं दोन कशाला?" आणि चेहऱ्यावर लाज म्हणून नावाला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण, ते हेच. त्यांनी चोरून काही केलं असतं तर तिने कदाचित माफ केलं असतं. ती निर्लज्ज सरळता मात्र तिने कधीच माफ केली नाही.

त्या संध्याकाळी ती दोन्ही कागद पुढ्यात घेऊन बसली. वरची प्रत काळीभोर, ठसठशीत. खालची कार्बनची, निळसर, मिणमिणती. आणि तिने खोडरबर घेतलं, वरच्या प्रतीवरची पेन्सिलची खूण पुसली, आणि त्या प्रतीवर बायकोचं नाव टाईप केलं. खालच्या प्रतीवर भाषांतरकार बाईचं. पुढची अकरा वर्षं, दर वेळी, हेच. सरांना पत्ता नाही. सत्य शोधणाऱ्या माणसाने पाकिटात डोकावून म्हणून कधी पाहिलं नाही.

बायकोची नोकरी संपली, ती या घरी आली, पत्रं बंद झाली. भाषांतरकार बाईची पत्रं उरली ती फक्त कामाची. सरांनी दोन्ही वेळा कसलाही उसासा टाकला नाही. पुढे सर गेले, आणि चार वर्षांनी त्यांचं एक जाडजूड चरित्र निघालं. त्यात बायकोवर सव्वा पान होतं. तिने घर सांभाळलं म्हणून सरांना विचार करता आला, आणि सरांनी खरं प्रेम केलं ते विचारांवरच, असं काहीबाही. ते पान बाईंना कुणीतरी वाचून दाखवलं. बाई म्हणजे ती बायको. शाळेतल्या बाई, म्हणून सगळे बाईच म्हणत. वय ऐंशी, डोळ्यांचा पडदा गेलेला, उजेड आणि सावली एवढंच दिसायचं.  दोन दिवसांनी त्यांनी कपाटातला पत्रांचा गठ्ठा काढला आणि खटखटमावशीला निरोप पाठवला. हे पुस्तक करायचं आहे, तू टाईप करून दे. मलाही कुणीतरी लिहीत होतं, हे लोकांना कळू दे.

तर ती गेले दोन महिने त्या जुन्या खोलीत, त्या जुन्या मशीनवर, आपलीच पत्रं पुन्हा टाईप करत होती. बाई पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत. मधलं दार उघडं. मशीनचा आवाज थांबला की बाईंची हाक आलीच, काय झालं म्हणून.

त्या गुरुवारी सकाळी अकराला टपालाने एक पुडकं आलं. दाराजवळ तिचंच टेबल, म्हणून तिनेच घेतलं. पुस्तकाच्या संपादकाने पाठवलं होतं. वर चिठ्ठी. भाषांतरकार बाई या वर्षी वारल्या. त्यांच्या पुतणीने हे आमच्याकडे दिलं. सरांची पत्रं आहेत, भाषांतराविषयी असावीत, मी उघडून पाहिलेली नाहीत. बाईंना दाखवून ठेवा. आज चारला येतो तेव्हा दोन्ही गठ्ठे तारखेप्रमाणे लावून घेऊ.

तिने दोरा सोडला आणि तोंडचं पाणी पळालं. वरच्याच कागदावर तिच्या मशीनचा 'र' होता, शेपटी तुटलेला. निळसर, मिणमिणती ओळ अन् ओळ. आणि 'प्रिय'च्या पुढे मात्र काळंभोर नाव, मागाहून भरलेलं. दोन गठ्ठे शेजारी ठेवायचा अवकाश. आंधळ्यालाही कळेल, असं तिच्या मनात आलं आणि तिने जीभ चावली.

"काय आलं गं?" बाईंची हाक.

प्रेसचे कागद आहेत, असं तिने सांगून टाकलं आणि मशीनवर बोटं चालू केली. काय टाईप करत होती देव जाणे. उजव्या हाताने निरर्थक अक्षरं बडवायची, डाव्या हाताने पुडक्यातलं एकेक पत्र उलटायचं. खटखट चालू राहिली पाहिजे. पर्समध्ये कोंबावं तर गठ्ठा वीतभर जाड. जाळावं तर संपादक चारला मागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ही मूठ तिच्या एकटीच्या हातात नव्हती. आणि त्या मुठीत होतं काय, तर पलीकडच्या खोलीतल्या ऐंशी वर्षांच्या बाईचं सगळं आयुष्य. सव्वा पानापुढे ठेवायला त्या बाईकडे दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या पत्राच्या समासात तिला पेन्सिलीची अक्षरं दिसली. बारीक, नीटनेटकी. 'मूळ कुणाकडे?'

 इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. अगं बाई, जिचा जन्म मूळ आणि भाषांतर यांच्यात गेला, तिला कार्बन ओळखू येणार नाही? तिला पहिल्या दिवसापासून कळलं असणार की आपल्याला आलेली दुसरी प्रत आहे. आणि ती असंच समजली असणार की सरांनी जाणूनबुजून धाडली. तरी तिने एकही पत्र फेकलं नाही.

खटखटमावशी उलटत गेली. दीड वाजला, अडीच वाजले. मग एक पत्र असं निघालं की ते सगळ्यांत वेगळं. काळंभोर, सबंध. घड्यांवर इतकं झिजलेलं, की चार तुकडे होऊ नयेत म्हणून मागून पातळ कागदाच्या पट्ट्या लावलेल्या. समासात पेन्सिलीने, 'हे मूळ.' आणि खाली रेघ.

तो शनिवार तिला लख्ख आठवला. चौथं वर्ष. सरांना व्याख्यानाला जायचं होतं, गाडी सुटायची होती, ओरडाओरड चालली होती. त्या गडबडीत तिने कार्बन उलटा घातला. टायपिस्टच्या जातीलाच होते अशी चूक. चकचकीत बाजू वर राहिली, की अक्षरं खालच्या कागदावर उमटतच नाहीत, वरच्याच कागदाच्या पाठीवर उलटी उमटतात, आरशात बघावीत तशी. खालचा कागद कोरा. सरांनी त्या कोऱ्या कागदावरसुद्धा न बघता सही ठोकली आणि गेले. मग पाठीवर उलटी अक्षरं असलेला कागद तिने तसाच बाईंना धाडला, आणि सहीच्या वर माप घेऊन कोऱ्या कागदावर सगळं पत्र नव्याने टाईप केलं. ते गेलं भाषांतरकार बाईला. तिच्या एका धांदरटपणाने त्या बाईला अकरा वर्षांत एकदा काळी अक्षरं मिळाली होती, आणि ती बाई त्यावर जगली होती.

तिची बोटं थांबली. पुन्हा चालू करायचं तिला सुचलंच नाही.

हाक आली नाही. आरामखुर्ची कुरकुरली आणि भिंतीला हात लावत बाईच दारात आल्या. टेबलापर्यंत आल्या, समोरची खुर्ची चाचपून बसल्या. म्हणाल्या की सकाळपासून तू काहीतरी भलतंच टाईप करते आहेस, तुझा ठेका मला कळत नाही का? मग त्यांचा हात टेबलावरून सरकत पुडक्यावर आला. खटखटमावशीने अडवायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

बाईंनी एक कागद उचलला, उलटा केला आणि पाठीवरून बोटं फिरवली. डोळे गेल्यापासून त्या आपली पत्रं अशीच वाचत. मशीनचा घाव वरच्या प्रतीवर बसतो, मागून अक्षरं हाताला लागतात, पूर्णविरामाला तर भोकं पडतात.

"टायपिंग तुझं," बाई म्हणाल्या. "पण ही खालची प्रत आहे. ही फाईलची असेल, नाही का?"

 बाई सांगत राहिल्या. एका पत्राच्या पाठीवर उलटी अक्षरं आली होती, तेव्हा त्यांनी सरांना लिहून विचारलं होतं की माझ्या पत्राची नक्कल कशाला. सरांनी उत्तर दिलं, फाईलसाठी. त्या मनात हसल्या होत्या, की हा गृहस्थ बायकोशीसुद्धा इतिहासासाठी बोलतो. सर गेल्यावर त्यांनी सगळी कपाटं शोधली. फाईल नव्हती. तेव्हापासून तो काटा सलत होता. आणि आता तीच फाईल सापडली ना, असं त्या विचारत होत्या. विचारताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की एक 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी झेललं असतं.

'हो' म्हणायला किती वेळ लागतो? घड्याळात तीन वाजले होते. चारला संपादक येणार, नाव वाचणार, मोठ्याने वाचणार. परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला लागण्यापेक्षा, असं खटखटमावशीने मनाशी म्हटलं.

"नाही, बाई. फाईलची नाही."

"मग नाव वाच."

तिने वाचलं. बाईंनी तो कागद खाली ठेवला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळ्यांच्या पाठी गुळगुळीत. किती आहेत, असं विचारलं. तिने सांगितलं, तुमच्याकडे आहेत तितकीच.  मग बाई म्हणाल्या, "माझी सगळी वरची. ते यांनी ठरवलं होतं?"

आता मात्र ती डगमगली. निदान एवढं तरी या बाईला मिळू दे, म्हणून तिने धडधडीत खोटं सांगितलं, की हो, सरच म्हणायचे, वरची घरी.

बाई उठल्या. पलीकडून आपला गठ्ठा आणला. वरचं पत्र काढलं, खटखटमावशीचं बोट धरलं आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे कागद झिरझिरीत झालेला. "प्रत्येक पत्रावर आहे," बाई म्हणाल्या. "मी शाळेत तीस वर्षं पोरींचे खोडलेले कागद हाताळले. इथे दर वेळी काहीतरी खोडलंय. यांनी कधी खोडरबर हातात धरल्याचं मला आठवत नाही. काय खोडायचीस?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. तिने सगळं सांगितलं. पेन्सिलीची खूण, तिकडे आणि घरी, खोडरबर, मागाहून भरलेली नावं. मान वर न करता सांगितलं. आणि बाई संतापल्या. आवाज चढला नाही, पण शाळेत मुली ज्याने चळाचळा कापत असतील तो हाच आवाज असणार, हे तिला तेव्हा कळलं. म्हणाल्या, मी या घरी आल्यापासून सव्वीस वर्षं तू माझ्या समोर बसलीस. माझ्या हातचा चहा प्यायलीस. मी एकटी होते तेव्हा तुला ही पत्रं वाचून दाखवायला लावली, आणि तू वाचलीस. तू मला कीव म्हणून चांगला कागद दिलास आणि मी त्याला प्रेम समजले.

"ती वाक्यं मला पाठ आहेत," बाई म्हणाल्या, आणि आता आवाज फुटला. "ती मी आता कुणाची म्हणू?"

 खटखटमावशी रडत होती आणि रडतेय हे लपवत नव्हती. ती म्हणाली की कीव नव्हती, बाई. मी लागले त्या महिन्यात सरांनी तुम्हाला छत गळतंय म्हणून साधं पत्र सांगितलं होतं. तुमच्या उत्तरात शेवटी एक ओळ होती. टाईप करणाऱ्या मुलीला सांगा, सातव्या ओळीत वेलांटी उडालीय, बाकी काम सुरेख. सदतीस वर्षांत माझं काम कुणी वाचलं असेल तर ते तुम्ही. लोक सरांना वाचायचे. खालची प्रत तुम्हाला पाठवायला माझा हात झाला नाही.

बाईंनी आठवून पाहिलं. म्हणाल्या, "मला तर काहीच आठवत नाही." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

साडेतीन झाले होते. बाईंनी विचारलं, त्या बाईला कळलं होतं का. तिने समासातल्या दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, आधी प्रश्न, मग ते झिजलेलं पत्र. बाईंनी ते पत्र हातात घेतलं. पट्ट्यांवरून बोट फिरवलं, घड्या चाचपल्या. मग आपल्या गठ्ठ्यातून उलट्या अक्षरांचं पत्र काढून त्यावर ठेवलं. कडेला कड लावली आणि वरून तळहात दाबला. म्हणाल्या, "बिचारी. इतकी वर्षं विचारत राहिली."

चारला घंटी वाजली. संपादक भला माणूस, पण घाईचा. आल्या आल्या त्याने दोन्ही गठ्ठे पाहिले, वरची दोन पत्रं शेजारी धरली आणि त्याचा रंग उडाला. त्याने चटकन दुसरा गठ्ठा बॅगेत घालायला घेतला. म्हणाला की हे प्रेसचं काहीतरी चुकून आलेलं दिसतंय.

"ठेवा ते खाली," बाई म्हणाल्या. "दोन्ही छापायचे. तारखेप्रमाणे, समोरासमोरच्या पानांवर. समासातलं पेन्सिलीचंसुद्धा. माणूस जन्मभर सत्यावर लिहीत होता, त्याला कशाला भ्यायचं?"

संपादक चाचरला. त्याने काही बोलून पाहिलं, सरांचं नाव, विद्यापीठ, चरित्र. बाई ऐकून घेत होत्या. शेवटी त्याने वही काढली आणि हरलेल्या आवाजात कामाचा प्रश्न विचारला. टीप द्यावी लागेल. यातलं मूळ कुठलं आणि नक्कल कुठली?

बाईंनी आपला गठ्ठा पुढे सरकवला.

"मूळ माझ्याकडे आहे. पाठवणारी ही इथे बसलीय, तिला विचारा."

संपादकाने तिच्याकडे पाहिलं. इतक्या फेऱ्यांत पहिल्यांदाच, आणि नाव काय तुमचं, असं विचारलं. तिने सांगितलं. तिच्याच कानांना ते अनोळखी वाटलं. वेलांटी पहिली का दुसरी, असं त्याने विचारायच्या आत बाईंनी सांगितली. मग तिने नाक पुसलं, दोन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन ठेवला, चकचकीत बाजू खाली आहे ना हे दोनदा पाहिलं, आणि टीप टाईप करायला सुरुवात केली.